उभ्या गाडीचा दिवा

दिवा कशासाठी लावतात, असे कोणालाही विचारले तर 'दिसावे म्हणून' असे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, परंतु त्यात दोन अर्थ आहेत. आपल्याला दिसावे म्हणून लावलेला दिवा वेगळा आणि आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून लावलेला दिवा वेगळा. अभ्यासाला बसताना आपण लावतो तो पहिल्या प्रकारचा. रात्री बाजाराहून परतणाऱ्या बंडीच्या आसाखाली टांगलेला कंदील हा दुसऱ्या प्रकारचा. त्या कंदिलाच्या उजेडात बैल वाट शोधत नाहीत, वाट त्यांना पाठच असते. मागून येणाऱ्याला 'पुढे बंडी आहे' एवढे कळावे, इतकेच त्या कंदिलाचे काम.

मोटारगाडीवर हे दोन्ही प्रकारचे दिवे असतात. समोरचे मोठे दिवे चालकाला रस्ता दाखवतात. मागचे तांबडे दिवे चालकाच्या स्वतःच्या काहीच उपयोगाचे नसतात, ते मागच्या माणसासाठी असतात. इथपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. परंतु गाडी उभी करून, इंजीन बंद करून, चालक घरी जाऊन झोपला तर त्या गाडीला रात्रभर दिवा हवा की नको? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. युरोपातील देशांनी तो फार गांभीर्याने विचारला आणि त्याचे उत्तर कायद्यात आणि गाडीच्या रचनेत घालून ठेवले. त्याची माहिती वाचकांना करून द्यावी आणि आपल्या भागाशी त्याचा काय संबंध आहे ते सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे यंत्रशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, असे कोणी म्हणेल. पण हा विषय मला पुस्तकात भेटला नाही, तो तुमसरच्या रस्त्यावर भेटला. एका दवाखान्यासमोर संध्याकाळी एक जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया उभी होती. तिच्या उजव्या बाजूचा पुढचा लहान दिवा आणि मागचा तांबडा दिवा जळत होता. डाव्या बाजूचे दोन्ही विझलेले होते. चहाच्या टपरीवरच्या एकाने डॉक्टरांना हाक मारून सांगितले, "डाक्टरसाहेब, तुमच्या गाडीचे एका बाजूचे लाइट उडाले जी!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "उडाले नाहीत, मीच तसे लावले आहेत." टपरीवर कोणाला ते पटले नाही. मलाही त्या वेळी पटले नव्हते. पुढे याविषयी जे वाचले आणि विचारून घेतले, ते पुढे देत आहे.

एकाच बाजूचा दिवा का?

युरोपातील जुनी शहरे मोटारीच्या कितीतरी आधी वसलेली आहेत. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना चिकटलेली, आणि गाडी ठेवायला घरात जागा नाही. त्यामुळे गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहतात. रस्त्यावरचे दिवे पुरेसे असतील तर काही अडचण नाही. ते नसतील किंवा मध्यरात्री विझत असतील, तर उभी गाडी ही रस्त्यातील एक काळी भिंतच होते.

यावर उपाय म्हणून गाडीचे लहान दिवे रात्रभर जळत ठेवता येतील. पण मग बॅटरीचे काय? थोडा हिशेब करून पाहू. हे लहान दिवे साधारण ५ वॅटचे असतात. चारही कोपऱ्यांचे चार दिवे आणि नंबरपट्टीचा एक, असे मिळून सुमारे २५ वॅट होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी २ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. रात्रीचे १० तास धरले तर २० अँपिअर-तासांहून अधिक वीज खर्च होते. लहान मोटारीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांच्या आसपासची असते. म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी एका रात्रीत रिकामी होणार. तिकडच्या कडाक्याच्या थंडीत अशी अर्धी बॅटरी सकाळी इंजीन फिरवील याची खात्री नाही.

आता फक्त एका बाजूचे दोन दिवे लावले तर १० वॅट होतात. प्रवाह एका अँपिअरपेक्षा कमी आणि दहा तासांचा खर्च साधारण ८ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. सकाळी गाडी बिनतक्रार सुरू होते. आणि सुरक्षिततेत काही उणे येते का? शहरात फारसे येत नाही. कारण गाडीची एक बाजू फुटपाथला लागलेली असते, तिकडून कोणी वाहन येणार नाही. धोका असतो तो रस्त्याकडच्या बाजूला. तेवढी बाजू उजळली की गाडीची हद्द कोठे संपते हे येणाऱ्याला कळते.

जर्मनीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून गाडी उजव्या कडेला लागते आणि दिवा डावीकडचा लावावा लागतो. आपल्याकडे नेमके उलटे, म्हणून डॉक्टरांनी उजवीकडचे दिवे लावले होते. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या कडेलाही लावता येते, म्हणून कोणती बाजू उजळायची हे चालकाला निवडता आले पाहिजे. त्यासाठी वेगळे बटन न देता एक सोपी युक्ती केलेली आहे. किल्ली काढल्यावर वळण दाखवण्याच्या दांडीचा काही उपयोग उरत नाही. तीच दांडी डावीकडे किंवा उजवीकडे ढकलून ठेवली की त्या बाजूचा पुढचा पांढरा आणि मागचा तांबडा दिवा जळत राहतो. जर्मन भाषेत या दिव्याला 'पार्कलिश्ट' म्हणतात.

पूर्वीच्या काळी याहून साधी सोयही होती. पुढून पांढरा आणि मागून तांबडा दिसणारा एकच लहान दिवा दाराच्या काचेला अडकवीत असत. काही गाड्यांना तो दोन दारांमधल्या खांबावर कायमचा बसवलेला असे. आजही संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहनविषयक नियमांत या दिव्यांसाठी ७७ क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे. गाडीवर दिवे कसे बसवावेत हे सांगणाऱ्या ४८ क्रमांकाच्या नियमात म्हटले आहे की, इंजीन सुरू होऊच शकणार नाही अशा स्थितीत किल्ली असली तरीही हे दिवे चालले पाहिजेत, आणि एका बाजूचे दिवे इतर दिव्यांशिवाय लावता आले पाहिजेत. ६ मीटरपेक्षा लांब किंवा २ मीटरपेक्षा रुंद वाहनांना मात्र हा एका बाजूचा दिवा चालत नाही. एवढ्या मोठ्या वाहनाची पूर्ण रुंदी दिसणे आवश्यक असते, हे उघड आहे.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीच्या रस्ता-वाहतूक नियमावलीचे १७ वे कलम दिव्यांविषयी आहे. त्यातील चौथ्या पोटकलमाचा भावार्थ असा : गावाबाहेर उभ्या असलेल्या वाहनाला स्वतःचा प्रकाश असलाच पाहिजे. गावात असेल तर रस्त्याकडची बाजू उजळलेली पुरे. आणि रस्त्यावरच्या दिव्यांनी गाडी पुरेशा अंतरावरून स्पष्ट दिसत असेल तर तिला स्वतःच्या दिव्याची गरज नाही.

यातला शेवटचा भाग वाचल्यावर मनात शंका येते की, रस्त्यावरचा दिवा मध्यरात्री बंद होणार असेल तर चालकाला ते कसे कळावे? त्याचीही सोय तेथे आहे. जे दिवे रात्रभर जळत नाहीत, त्यांच्या खांबावर पांढऱ्या किनारीचा तांबडा पट्टा असतो. तो किती वाजता विझणार, ती वेळही पट्ट्यावर लिहिता येते. असा पट्टा असलेल्या खांबाखाली गाडी लावणाऱ्याने ओळखायचे की, दिवा विझल्यावर आपल्या गाडीची जबाबदारी आपल्यावर आहे.

इंग्लंडमध्ये नियमाची मांडणी वेगळी आहे. तेथे वेगमर्यादेवरून ठरते. ताशी ३० मैलांपेक्षा (सुमारे ४८ किलोमीटर) अधिक वेगाची परवानगी असलेल्या रस्त्यावर उभ्या वाहनाला दिवे लावावेच लागतात. त्याहून कमी मर्यादेच्या रस्त्यावर मोटारीला सूट मिळते, पण ती सशर्त. गाडी चौकापासून निदान १० मीटर दूर, कडेला लागून आणि वाहतुकीच्या दिशेलाच तोंड करून उभी असली पाहिजे. ही शेवटची अट का, याचे कारण सोपे आहे. गाडीच्या मागे तांबडे परावर्तक असतात. गाडी उलट्या तोंडाने लावली तर येणाऱ्याला ते दिसणारच नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सर्व श्रीमंत देशांचे लाड आहेत, आपल्याकडे कोठे असा कायदा? कायदा आपल्याकडेही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०९ वा नियम 'पार्किंग लाइट' याच नावाचा आहे. मोटारसायकली व अपंगांची तीनचाकी वाहने वगळता प्रत्येक मोटार वाहनाला पुढे पांढरा किंवा पिवळसर आणि मागे तांबडा पार्किंग दिवा असावा, आणि वाहन रस्त्यावर उभे असतानाही ते जळत राहावेत, असे त्यात म्हटले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२२ व्या कलमाने धोका होईल अशा रीतीने वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी उभे ठेवण्यास मनाई केली आहे. याच अधिनियमात 'मोटार वाहन' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत ट्रेलरचाही समावेश आहे. म्हणजे ट्रॅक्टरमागची ट्रॉलीदेखील या नियमातून सुटत नाही.

न्यायालयांनीही याची दखल घेतलेली आहे. रस्त्याच्या मध्ये दिव्यांशिवाय उभ्या असलेल्या टँकरवर एक मोटार आदळल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. उच्च न्यायालयाने मोटारचालकालाही निम्मे दोषी धरले होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि टँकरचालकाला पूर्ण जबाबदार धरणारा न्यायाधिकरणाचा निर्णय कायम केला. प्रत्येक प्रकरणाची हकिकत वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक वेळी असाच निर्णय होईल असे नाही. परंतु 'मी तर उभा होतो, येऊन आदळला तो दुसरा' एवढे म्हणून सुटका होत नाही, हे त्यावरून दिसते.

आपला रस्ता

तुमसरहून सिहोऱ्यावरून बपेऱ्याकडे जाणारा आमचा रस्ता पुढे मध्यप्रदेशाच्या हद्दीला भिडतो. पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो. त्यामुळे या रस्त्यावर दोन राज्यांची वाहतूक असते. दिवाळीनंतर धान निघाले की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. धान खरेदी केंद्रापुढे किंवा राइस मिलपुढे नंबर लागेपर्यंत कट्ट्यांनी भरलेल्या ट्रॉल्या रात्र-रात्र रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. नेमके याच दिवसांत धुके पडते. फुटपाथ नाही, रस्त्यावर दिवा नाही. जर्मन नियमाच्या भाषेत बोलायचे तर हे 'गावाबाहेरचे' उदाहरण आहे. येथे एका बाजूचा दिवाही पुरणार नाही, दोन्ही बाजूंचे हवेत.

काळोखात उभी ट्रॉली किती अंतरावरून दिसते, याचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी फटफटी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर २५ मीटर संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी २३-२४ मीटर. एकूण जवळपास ५० मीटर. खाली केलेल्या दिव्याच्या उजेडात मातकट रंगाची ट्रॉली तेवढ्याच अंतरावरून, किंवा त्याहूनही जवळ आल्यावर दिसते. त्यात समोरून ट्रक आला आणि त्याचा झोत डोळ्यांवर पडला, तर ट्रॉली दिसतच नाही. स्वतः जळणारा तांबडा दिवा मात्र अशा वेळीही दिसतो आणि फार लांबून दिसतो.

हे नुसते आकडे नाहीत. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात माझा मावसभाऊ रात्री नऊच्या सुमारास फटफटीवरून घरी येत होता. एका ट्रॉलीचा आस मोडला होता आणि ट्रॅक्टर सोडवून मालक मदत आणायला गेला होता. ट्रॉलीच्या मागे चार दगड आणि पळसाची एक फांदी ठेवलेली होती. समोरून गाडी आली, झोत पडला आणि भाऊ ट्रॉलीवर आदळला. जीव वाचला, पण डाव्या पायात सळई आहे आणि बारावीचे वर्ष गेले. ट्रॉलीचा मालक भला माणूस. तो दवाखान्यात येऊन बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी तं बाजूलेच लावली होती जी." तो खोटे बोलत नव्हता. ट्रॉली कडेलाच होती. ती दिसत नव्हती, एवढेच.

दगड आणि फांदी ठेवण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागचा हेतू चांगला आहे. पण दगडाला उजेड नसतो. शिवाय गाडी निघून जाते आणि दगड तेथेच राहतात. मग तेच दगड पुढच्या सायकलवाल्याला आडवे येतात.

माझे वडील अनेक वर्षे दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्यापुढे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "उभ्या गाडीले कायचा लाइट? ब्याटरी उतरली तं सकाळी धक्का तू मारशील का?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर बोलणी त्यांनाच बसतात. मी त्यांना वर दिलेलाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. ट्रॅक्टरची बॅटरी मोटारीपेक्षा मोठी, ७५ अँपिअर-तासांच्या आसपासची असते. ट्रॉलीचे मागचे दोन ५ वॅटचे दिवे दहा तास जळले तर ८ अँपिअर-तास, म्हणजे साधारण नववा हिस्सा. आता मिळणारे एलईडी दिवे लावले तर खर्च याहून पुष्कळ कमी. वडिलांनी कागद दोनदा पाहिला आणि विचारले, "अन् ट्रॅक्टर सोडून नेला तं?" हा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. सोडलेल्या ट्रॉलीला बॅटरीच नसते. मावसभावाच्या अपघाताच्या वेळीही नेमके हेच झाले होते.

अशा वेळी परावर्तक पट्ट्या उपयोगी पडतात. त्यांना वीज लागत नाही आणि त्या पुसून स्वच्छ ठेवल्या की झाले. पण त्यांची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. परावर्तक आपल्यावर पडलेलाच उजेड परत करतो. मागून येणाऱ्याचा दिवा मंद असेल, किंवा बिनदिव्याची सायकल असेल, तर परावर्तक असून नसल्यासारखाच. जर्मन नियमात 'स्वतःचा प्रकाश' असा जो शब्दप्रयोग आहे, त्यातला 'स्वतःचा' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. ट्रॉली सोडून जायचीच असेल तर पट्ट्यांच्या जोडीला लाल काचेचा कंदील किंवा सेलवर चालणारा लाल दिवा मागे टांगणे, हाच खरा उपाय. बंडीच्या आसाखाली कंदील बांधणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होते. बंडीची ट्रॉली झाली आणि कंदील मात्र मागे राहिला.

येथे आणखी एक गैरसमज सांगितला पाहिजे. अनेक जण दिवस मावळताना मोठे दिवे न लावता नुसत्या पार्किंग दिव्यांवर गाडी हाकतात. हे दिवे उभ्या गाडीसाठी आणि गाडीची रुंदी दाखवण्यासाठी आहेत, चालत्या गाडीला ते पुरेसे नाहीत. जर्मनीत केवळ त्या दिव्यांवर गाडी चालवण्यास स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडे मात्र उलट दिसते. चालत्या गाडीला पार्किंगचा दिवा आणि उभ्या गाडीला अंधार!

२००१ साली औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे स्कोडाचा आणि २००९ साली चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. त्यामुळे ही युरोपीय सोय असलेल्या गाड्या महाराष्ट्रातच तयार होऊ लागल्या. परंतु गाडी आली तरी तिच्यामागची सवय आपोआप येत नाही. आपल्या रस्त्यावरची मुख्य वाहने तर ट्रॉली, टेम्पो आणि बंडी हीच आहेत. त्यांना दांडी ढकलून दिवा लागत नाही, तो आठवणीने लावावा लागतो.

म्हणून शेवटी एक सूचना करतो. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने यंदा धानाच्या हंगामापूर्वी दोन दिवस या कामाला द्यावेत. खरेदी केंद्रे आणि राइस मिलपुढे उभे राहून प्रत्येक ट्रॉलीच्या व बंडीच्या मागे, दोन्ही टोकांना, तांबड्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. ट्रॉलीच्या दिव्यांची तुटलेली वायर जोडून द्यायला गावचा एखादा इलेक्ट्रिशियन सोबत घ्यावा. बॅटरीचा वर दिलेला हिशेब मोठ्या अक्षरांत लिहून केंद्रावर चिकटवावा, कारण चालकांची खरी अडचण तीच आहे. वर्गणीची यादी मी तयार करीत आहे. माझ्या वडिलांनी पहिले पन्नास रुपये दिले आहेत.